घशाची मशागत

आष्ट्याहून मिरज म्हणजे सांगली ओलांडून पुढं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलात तर वेळेचा हिशेब करू नये. त्यात ट्रॅक्टरवर गाणी अशी लावलेली की मनात धरलेला षड्ज हमखास सुटतो. तरी मी जातो. कधी सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, कधी नुसताच, अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत त्या दर्ग्याच्या आवारात बसायला.

मिरजेचं गाणं म्हटलं की खाँसाहेब, हिराबाई, विनायकबुवा ही नावं ओठावर येतात. माझं मन मात्र प्रोफेसर बी. आर. देवधरांपाशी अडतं. १९०१ साली याच मिरजेत जन्मलेला, विष्णु दिगंबरांच्या तालमीतला हा गवई मैफली गाजवण्यापेक्षा दुसऱ्याचा गळा कसा घडतो, याच विचारात रमला. १९२५ साली मुंबईत त्यांनी स्वतःचं संगीत विद्यालय काढलं. पाश्चात्त्य संगीताचा, तिकडच्या आवाज कमावण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि आवाजसाधनेवर लिहिलंही. आवाज ही देवाची देणगी, असं म्हणून हात जोडणाऱ्या काळात त्यांना स्वरयंत्र, श्वास, जबडा यांबद्दल प्रश्न पडत होते.

आमच्या भागात मशागत कुणाला शिकवावी लागत नाही. जमीन चांगली म्हणून नांगर कितीही खोल घालायचा नसतो. गळ्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कुठं जातं कोण जाणे! मला लहानपणी शिकवणाऱ्या मास्तरांनी माझा आवाज फुटला तरी काळी चारची उंच पट्टी काही सोडली नाही. तार षड्जाला हनुवटी वर जायची, मानेच्या शिरा टरारायच्या, आणि स्वराऐवजी नुसता घोगरा वारा बाहेर पडायचा. ‘रियाज कमी पडतोय,’ एवढंच उत्तर. (हे उत्तर अजूनही सगळ्या रोगांवर चालतं.)

देवधरांकडे बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक मुलगा आला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा. दुसरा गुरू असता तर त्याला आणखी एक नक्कल शिकवली असती, स्वतःची. देवधरांनी त्याच्यापुढं निरनिराळ्या घराण्यांच्या बंदिशी ठेवल्या. त्या त्यांनी स्वतः ठिकठिकाणाहून जमवल्या होत्या. सिंदे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या कलावंतापुढंही ते शिष्य होऊन बसले होते. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. पुढं क्षयानं एक फुप्फुस निकामी झाल्यावरही ते उभे राहिले ते आपल्या दमाला पेलेल असं, स्वतःचं गाणं घेऊन. त्यात देवधरांचा गळा शोधूनही सापडत नाही. शिक्षकाच्या कारकिर्दीला याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही. पद्मश्री देवधरांना मिळाली, १९७६ साली, ती ठीकच.

आता आष्ट्यात गाण्याचा क्लास लावणारे आईबाप पहिल्याच दिवशी विचारतात, परीक्षा कधी? माझी त्यांना एकच विनंती आहे. मुलाचा आवाज फुटायला लागला तर क्लास बंद करू नका, अन् त्याला ओरडायलाही लावू नका. मास्तरांना पट्टी खाली घ्यायला सांगा. त्यांनी नाही ऐकलं, तर मास्तर बदला.