नेपलीच्या वाटेवर

डेंग्यूतून उठलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण डोक्यात डॉमिनिका घुसलं होतं. आजारपणात त्या कॅरिबियन बेटाविषयी वाचत पडलो होतो. ज्वालामुखीच्या मुलखातलं उकळतं तळं, तिथवर चिखलातून दिवसभराची पायपीट. चंडीगडहून तिकडे कोण जातंय! वनखात्याचा परवाना काढला आणि शहराजवळच्याच नेपलीच्या जंगलात शिरलो.

खैर, शिसव, मधूनच एखादा कोरडा पावसाळी ओढा. बांधाजवळच्या ओल्या मातीत सांबराच्या खुराचा ठसा दिसला. कडा अजून धारदार, तळाशी चमचाभर पाणी. त्याच्यापाशी बराच वेळ बसून राहिलो. दम लागला होता, हेही एक कारण.

गंमत म्हणजे हे रान काही अनाघ्रात नाही. 1958 साली चंडीगडचा सुखना तलाव झाला, शिवालिकची भुसभुशीत माती त्यात भरू लागली, म्हणून वरच्या टेकड्यांवर झाडं लावली, बांध घातले. 1998 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. गाळाच्या धास्तीने उगवलेलं जंगल! सांबराला त्याचं काय? मलाही त्या क्षणी फारसं काही वाटलं नाही.

तरी डॉमिनिकाचं खूळ गेलंय असं नाही. पासपोर्टची मुदत एकदा बघायला हवी.