मंडळीच्या आवारातल्या छत्रीस

छत्रीबाई,



पाकिटावर तुझा एकच पत्ता घालता येत नाही. ज्यांना जग मॉर्मन म्हणतं आणि जे स्वतःला ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे सभासद म्हणवतात, त्यांच्या हजारो उपासनागृहांमागे तू, उपग्रहाचा संदेश झेलणारी डिश, आभाळाकडे तोंड करून उभी राहिलीस. आता बऱ्याच ठिकाणी तू नुसतीच उभी आहेस. कार्यक्रम इंटरनेटवरून येतो आणि तुला उतरवायला कोणाला सवड होत नाही. तू भंगारात जाण्याआधी एका बाबतीत तुझी निर्दोष सुटका करावी, म्हणून हे पत्र.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारला जोडून या चर्चची महापरिषद अमेरिकेत यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत भरते. आधी ती टॅबर्नॅकल नावाच्या घुमटाच्या सभागृहात भरे. तिथली पहिली परिषद १८६७ची. तेव्हा माईक नव्हता. घुमट आवाज नेईल तितकीच मंडळी. १९२४ मध्ये परिषद रेडिओवर गेली, १९४९ मध्ये दूरचित्रवाणीवर. १९५२ पासून पुरुषांच्या धर्माधिकार-सत्राचा आवाज थेट तारेने दूरच्या इमारतींत पोचू लागला. आवाज लांब नेण्याची या चर्चची हौस जुनी आहे, तू त्या साखळीतली पुढची कडी.

पण तुझ्या घराण्याची सुरुवात उलट्या दिशेने झाली, हे किती जणांना आठवत असेल? ६ एप्रिल १९८०. चर्चच्या स्थापनेला दीडशे वर्षं झाली होती. १८३० मध्ये ती स्थापना जिथे झाली, त्या न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट गावी, व्हिटमर कुटुंबाच्या शेतावरच्या लाकडी घरातून अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल बोलले, आणि त्यांचं चित्र उपग्रहावरून सॉल्ट लेकच्या टॅबर्नॅकलमध्ये उमटलं. शेतातलं घर बोलत होतं आणि राजधानी ऐकत होती. माझ्या मते त्या चर्चच्या प्रक्षेपणाच्या इतिहासातला हा सगळ्यात देखणा दिवस. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८१ मध्ये, यूटाबाहेरच्या स्टेक सेंटरांसाठी पाचशे छत्र्यांचं जाळं जाहीर झालं. (स्टेक म्हणजे आसपासच्या काही मंडळ्यांचा मिळून एक विभाग.) दिशा फिरली ती तेव्हा. आता राजधानी बोलणार आणि शेतं ऐकणार.

तुझं काम तू चोख केलंस. भूस्थिर उपग्रह जवळपास छत्तीस हजार किलोमीटर वर. तिथवर जाऊन परत खाली यायला संदेशाला पाव सेकंद लागतो. तेवढ्या उशिराने वक्त्याचा शब्द हजारो गावांत एकदम पोचे. त्याआधी छापील अंकाची वाट पाहावी लागे किंवा कोणी जाऊन आलेला सांगेल ते खरं मानावं लागे. तुझ्यामुळे माणसं एका इमारतीत जमली, लांबून गाडी हाकत आली, दोन सत्रांच्या मधल्या वेळात डबे उघडून बसली. आणि तुझ्या पोटातून एकाच चित्राबरोबर अनेक भाषांचे आवाज येत. मुख्य सभागृहात इंग्रजी लावायचं, बाजूच्या खोलीत स्पॅनिश, आणखी एका खोलीत सामोअन. आजी एका खोलीत, नातवंडं दुसऱ्या. दुभाष्यांची सोय १९६१ पासूनची. आज परिषद शंभराच्या आसपास भाषांत ऐकता येते. हे सगळं सांभाळायला प्रत्येक ठिकाणी एक बिनपगारी सभासद असतो. सत्राआधी येऊन तो वायरी तपासतो, रिसीव्हरशी झटतो, जोराचा पाऊस आला की चित्र फुटतं म्हणून खिडकीतून आभाळ बघतो. त्याचे आभार कोणी मानल्याचं ऐकिवात नाही. तुझ्या पत्रात त्यालाही नमस्कार.

मग हाय-डेफिनिशन आलं. अमेरिकेतल्या जुन्या चित्रात जेमतेम ४८० आडव्या रेषा, नव्यात १०८०. त्यासाठी नवा रिसीव्हर, नव्या केबली, नवा प्रोजेक्टर, आणि उजेड आत येऊ नये म्हणून पडद्यांची व्यवस्था. एवढा खटाटोप करून मिळालं काय? टिंगल करायची नाही, मिळालं पुष्कळ. २००० साली उघडलेल्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये एकवीस हजार माणसं बसतात. वरच्या सज्जातल्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला व्यासपीठावरचा माणूस बोटाएवढा दिसतो. शेकडो मैलांवरच्या गावात बसलेल्या म्हातारीला मात्र त्याच्या डोळ्यातलं पाणीही दिसतं. तिथलं वक्त्यापुढचं पुलपिट तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी स्वतःच्या परसात लावलेल्या काळ्या अक्रोडाच्या झाडाचं आहे. त्या लाकडाच्या रेषासुद्धा आता मोजता येतात. लांबच्याला जवळचं नीट दिसावं, ही जबाबदारी तू पुरी केलीस.

जवळच्याला लांबचं दिसावं, हे काम तुला कोणी दिलंच नव्हतं.

या परिषदेत एक विधी असतो. पदाधिकाऱ्यांची नावं वाचली जातात आणि सभासदांना विचारतात: जे पाठिंबा देतात त्यांनी उजवा हात वर करावा, विरोध असेल त्यांनीही हात वर करून दाखवावा. ही निवडणूक नव्हे, हे चर्च स्वतःच सांगतं. पाठिंब्याचा हात म्हणजे सोबत राहण्याचा शब्द. नवे अध्यक्ष रसेल नेल्सन यांना ३१ मार्च २०१८ रोजी पाठिंबा द्यायचा होता तेव्हा तर पवित्र सभाच भरली. एकेका गटाला उभं राहून हात वर करायला सांगितलं, आणि जगात जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहावं असं आवाहन झालं. माणसं उभी राहिली. उपासनागृहांत, दिवाणखान्यांत, कोणाच्या नजरेस न पडता त्यांनी पडद्यापुढे हात वर केले. एप्रिल २०१५ मध्ये सभागृहातल्या काहींनी मोठ्याने विरोध नोंदवला. तो ऐकू आला, नोंद झाल्याचं सांगितलं गेलं आणि आपापल्या स्टेक अध्यक्षांना भेटायला सुचवलं गेलं. त्याच क्षणी एखाद्या दूरच्या मंडळीत एखादा हात विरोधात वर गेला असेल, तर तो फक्त शेजारच्याने पाहिला. पाठिंब्याच्या लाखो हातांचंही तेच.

आता भारतापुरतं. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती वाचकाला वसईचे धर्मग्रामस्थ माहीत, नगरच्या मिशनची परंपरा माहीत. हे चर्च त्यामानाने अनोळखी. भारतातला त्यांचा पहिला स्टेक हैदराबादला, २०१२ मध्ये. सॉल्ट लेकचं सकाळी दहाचं सत्र इथे रात्री साडेनऊला सुरू होतं, दुपारी दोनचं रात्री दीडला. १ एप्रिल २०१८च्या शेवटच्या सत्रात बंगळुरूत मंदिर बांधणार असल्याचं जाहीर झालं, तेव्हा इथे सोमवारची पहाट होती. आशियातल्या अनेक मंडळ्या पुढच्या आठवड्यात ध्वनिचित्रमुद्रण लावून बसतात. म्हणजे हात वर करायचा तो सात दिवस जुन्या प्रश्नाला! यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, पृथ्वी गोल आहे एवढंच. पण घड्याळाची सोय कायम एकाच गावाची.

एकदा उलटं झालं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये वक्त्यांना स्वतःच्या भाषेत बोलायची मुभा दिली, आणि हाँगकाँगचे ची हाँग वाँग कँटोनीजमध्ये बोलले. त्या दिवशी भाषांतराची गरज इंग्रजी श्रोत्यांना लागली. आभाळ कोसळलं नाही. तरी ती पद्धत टिकली नाही.

तुझी बाजू घेऊन कोणी म्हणेल, ‘छत्रीचा काय दोष? तिला पाठवताच येत नाही, ती घेणारी.’ अगदी बरोबर. वर पाठवणारं केंद्र महाग आणि परवान्याचं; प्रत्येक मंडळीत ते बसवणं परवडणारं नव्हतं. पण उपाय नव्हता असं मात्र नाही, आणि हे आम्ही भारतातली माणसं जरा ताठ मानेने सांगू शकतो. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आपल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोचलं. एकतर्फी, तुझ्यासारखंच. त्यातून आपले लोक शिकले. १९९६ मध्ये इस्रोने मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात प्रकल्प उभारला: गावागावांत दीडशे छत्र्या, आणि शिवाय बारा ठिकाणी उलट बोलायची यंत्रं. चित्र एका दिशेने, आवाज दोन्ही दिशांनी. पाणी, शेती, आरोग्य यांवरचे प्रश्न खेड्यातून थेट अहमदाबादच्या स्टुडिओत जात आणि समोरच्या तज्ज्ञाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. बारा म्हणजे फार नव्हेत. पण बारा ठिकाणांहून प्रश्न येऊ शकतो हे माहीत असलेला वक्ता वेगळं बोलतो.

तुझ्या चर्चकडे झाबुआच्या कितीतरी पट पैसा होता. इच्छा असती तर प्रत्येक खंडात असं एक तरी यंत्र बसलं असतं. तरी तोवर तुझ्याकडे बोट दाखवायची सोय होती. आता तीही उरली नाही. तुझी जागा घेतलेल्या इंटरनेटच्या तारेतून माहिती दोन्हीकडे वाहते, त्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही. करोनाच्या दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, परिषद श्रोत्यांशिवाय झाली. सगळी मंडळी दूरची झाली, सॉल्ट लेकमधलीसुद्धा, आणि हात पुन्हा पडद्यापुढेच वर गेले.

म्हणून मागणं तुझ्याकडे नाही, तुझ्या मालकांकडे आहे. ऑक्टोबरात नावं वाचून झाली की पाच मिनिटं काढा. हैदराबादची एक मंडळी, सामोआतली एक, आयडाहोतली एक, अशा तीन मंडळ्यांचं चित्र कॉन्फरन्स सेंटरच्या मोठ्या पडद्यावर आणा आणि तिथे वर झालेले हात एकवीस हजार लोकांना बघू द्या. तुमचं यंत्र तयार आहे, माणसं तयार आहेत, आणि फेएटच्या शेतावरून तुम्ही हे १९८० मध्ये करून दाखवलं आहे.

कळावे, लोभ असावा.

एक मराठी वाचक