माळ्यावरचा चेंडू

फुटबॉल या खेळाशी माझा कधी संबंध यावा, असे काहीच कारण नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक. प्रयोग तीन आणि समास चार, हे मी झोपेतही सांगेन. पण ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हे चिरंजीवांनी काड्यापेटीतल्या काड्या मांडून मला सात वेळा समजावले आणि सातही वेळा मी समजल्याचे नाटक केले. आमच्या बुलढाण्याला, घाटावरच्या थंड हवेत, मुले क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. आमच्या मुलाने मात्र फुटबॉल धरला होता. आणि तो बारावीत गेला त्याच दिवशी मी त्याचा चेंडू माळ्यावर टाकला होता.

हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर पुढचे वाचून तुम्ही मला शहाणा बाप समजाल.

साल 2020. महाविद्यालय बंद. मी बैठकीच्या खोलीत मोबाइलपुढे बसून तास घेई. समोर नुसते काळे चौकोन. ‘ऐकू येतेय ना?’ म्हटले की बऱ्याच वेळाने कोणीतरी ‘हो सर’ म्हणे. शिकवता शिकवता विनोद करण्याची माझी जुनी खोड. त्या दिवसांत विनोद करून मी स्वतःच थोडे हसून घेत असे. मुलगा पलीकडच्या खोलीत दार लावून बसलेला. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे.’ एवढाच आमचा दिवसभराचा संवाद.

20 नोव्हेंबरला इंडियन सुपर लीगचा सातवा हंगाम सुरू झाला. करोनामुळे अकराही संघ गोव्यात आणून ठेवले होते. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीनच मैदानांवर, प्रेक्षकांविना सामने होत. दूरचित्रवाणीवर मात्र गर्दीचा कल्लोळ ऐकू येई. तो ऐकून मी आत डोकावलो.

“एवढे लोक कसे आले रे?”

“लोक नाहीत, बाबा. नुसता आवाज आहे.”

माझ्या तासाला विद्यार्थी होते, आवाज नव्हता. येथे उलटा प्रकार. समदुःखी माणसाच्या ओढीने मी खुर्ची पुढे घेतली.

मुलाचा संघ मुंबई सिटी. पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टकडून 0–1 असा हरला, वर अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. मला वाटले, आता हा दूरचित्रवाणी बंद करणार. पण मुलाने दुसऱ्या दिवशी आपणहून मला त्या हरण्याची कारणे सांगितली. पाच-सहा वाक्ये सलग! मी ती मनात मोजली.

मग रोज संध्याकाळी साडेसातला माझी खुर्ची ठरलेली. फेब्रुवारीत आमच्या भागात पुन्हा निर्बंध आले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला मुंबईने एटीके मोहन बागानला 2–0 हरवले. दोघांचेही गुण 40. पण आपसांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले, म्हणून साखळीतले पहिले स्थान तिचे. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध पेनल्टींच्या आधी प्रशिक्षक लोबेरा यांनी अमरिंदरसिंग या कर्णधाराला, गोलरक्षकालाच, बाहेर बोलावून फुर्बा लाचेन्पाला उभे केले. “कर्णधाराला काढतात?” मी ओरडलो. मुलगा म्हणाला, “काढतात, बाबा.” आणि 6–5 ने जिंकले.

13 मार्चचा अंतिम सामना फातोर्ड्याला, पुन्हा मोहन बागानशीच. 1–1 असताना, मध्यंतर जवळ आलेले, अमेय रानवडे हा मुंबईचाच मुलगा टक्कर होऊन कोसळला. हलेना. खेळाडू डोक्याला हात लावून उभे. रुग्णवाहिका आली. तो खोटा कल्लोळ त्या वेळी चालू होता की थांबला होता, मला आठवत नाही. आमच्या खोलीत मात्र कोणी श्वास घेत नव्हते.

माझी आई जप थांबवून म्हणाली, “त्याच्या मायले दिसत असंन काय रे हे?”

मुलगा काही बोलला नाही. त्याने माझा हात धरला होता. बहुधा त्याला ते ठाऊक नव्हते. मी हात तसाच राहू दिला.

नव्वदाव्या मिनिटाला ओग्बेचेकडून आलेल्या चेंडूवर बिपिनसिंगने गोल केला. मुंबई 2–1 ने जिंकली; साखळी आणि चषक दोन्ही एकाच हंगामात. मुलगा उठलाही नाही. “अमेयचे कळले का?” एवढेच तो विचारत होता. तो शुद्धीवर असल्याची बातमी आली, तेव्हा कोठे आम्ही जेवलो. पुढे अमेय पुन्हा मैदानावर उतरला. आणि ज्या बारावीच्या परीक्षेसाठी मी चेंडू वर टाकला होता, ती परीक्षा जूनमध्ये रद्दच झाली!

पण मी तेवढी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला. चेंडू धुळीने माखलेला आणि पार चपटा झालेला. सायकलचा पंप घरात होता. पण चेंडूत हवा भरायची सुई कोठे मिळेना, आणि बाजार बंद. मुलगा म्हणाला, “त्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या घरी विचारू या का, बाबा? मागच्या दाराने?”

मी मुखपट्टी शोधू लागलो.