डिओनिया आणि बॅटरीचे पाणी

‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या नावाने विकली जाणारी आणि शास्त्रीय परिभाषेत डिओनिया म्युसिपुला म्हटली जाणारी कीटकभक्षी वनस्पती सदनिकेत ठेवली की, तिला खायला काय घालता, हा प्रश्न येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. पिंपरी-चिंचवडमधील निगडी-प्राधिकरणातील ज्या पूर्वाभिमुख गॅलरीतील कुंडीच्या आधारे हे विवेचन केले आहे, तेथे खाण्याची काळजी मात्र कधीच करावी लागली नाही. सारी दगदग झाली ती पाणी आणि हिवाळा या दोहोंपायी.

ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांतली, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या रेताड, दलदलीच्या आणि आम्लधर्मी टापूतली. तेथील जमिनीत नत्र व स्फुरद इतके अल्प असते की ते कीटकांच्या शरीरातून मिळवावे लागते. ऊर्जा मात्र इतर हिरव्या झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातूनच येते. अशा निकस मातीला सरावलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत, म्हणून शेणखत, तांबडी माती किंवा न धुतलेले कोकोपीट कुंडीत चालत नाही. त्याऐवजी पीट मॉस, म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेले शेवाळ, आणि पाण्याचा निचरा राखणारे परलाइटचे खडे यांचे मिश्रण वापरले जाते. कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी ठेवायची असल्याने पाणी उडून जाते, क्षार मागे राहून साचत जातात. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे वा टँकरचे पाणी मिसळले जात असेल, तर हे फारच लवकर घडते.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. घरातील आरओ यंत्राचे पाणी पुरेल असे वाटते, परंतु चवीसाठी त्यात पुन्हा खनिजे मिसळणारी यंत्रे बरीच असल्याने मापकाने खात्री केल्यावाचून ते घालू नये. येथे मोटारींच्या या नगरीचा अनपेक्षित उपयोग होतो: सुट्या भागांच्या दुकानांत बॅटरीत भरण्यासाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले क्षारहीन पाणी, या रोपाला उत्तम मानवते. कॅन सीलबंद असावा आणि त्यावरील मजकूर वाचून घ्यावा, कारण त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही ठेवलेले असते. पावसाळ्यात अर्थात हा खर्च वाचतो. छपरावरची धूळ धुऊन नेणाऱ्या पहिल्या सरी सोडून दिल्या की पुढचे पाणी पिंपात साठवता येते.

सापळ्याचे पान दोन पाळ्यांचे असते व प्रत्येक पाळीच्या आत साधारणतः तीन संवेदी केस असतात. एका केसाला एकदा स्पर्श झाल्याने काही घडत नाही; सुमारे २० सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तरच विद्युत्संदेशाच्या जोरावर पाळ्या सेकंदाच्या अंशात मिटतात. मिटल्यानंतरही कडेच्या दातांमधील फटींतून बारकी मुंगी सहज निसटते, आणि इतक्या क्षुल्लक भक्ष्यावर पाचकरस खर्च करणे परवडणारे नसल्याने ही सूट वनस्पतीच्याच हिताची आहे, असे चार्ल्स डार्विनने १८७५च्या आपल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात मांडले. म्हणून पाहुण्यांच्या मुलांनी काडी घालून सापळे मिटवणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे. प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटतो आणि मग काळा पडतो. चिकनचा तुकडा तर कधीच घालू नये, तो आत सडतो. गॅलरीत येणाऱ्या माश्या पुरतात.

हिवाळ्याचे गणित अवघड आहे. विल्मिंग्टनला थंडीत पारा कित्येक रात्री शून्याखाली जातो, दिवसही येथल्याहून तासाभराने लहान असतो, आणि रोप तीन-चार महिने सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून, विसावा घेते. पिंपरी-चिंचवडच्या दहा-बारा अंशांच्या रात्री त्याला पेंग आणतात, झोप लागू देत नाहीत. सह्याद्रीतील कीटकभक्षींपुढे ही अडचणच नाही: कास पठारावर डिओनियाच्याच ड्रॉसेरेसी कुळातील ‘दवबिंदू’ या वनस्पतीच्या वर्षायू जाती पावसाळ्यात उगवून बी टाकतात आणि पुढचा काळ बीजरूपाने काढतात. डिओनिया बहुवर्षायू असल्याने तिचा जमिनीतील कांद्यासारखा भाग ओलसर शेवाळात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मेथी-कोथिंबिरीच्या शेजारी ठेवावा लागतो. बुरशीनाशक लावायचे असल्यास डबा घट्ट झाकणाचा हवा आणि त्यावर ठळक चिठ्ठी हवी, हे घरातील इतरांनी योग्यच बजावले होते.

फेब्रुवारीअखेर पुन्हा लावलेले रोप बळ धरते न धरते तोच मधून फुलाचा उंच दांडा काढते. पांढरी फुले पाहण्याचा मोह होतो, तथापि पुढचा एप्रिल-मेचा उन्हाळा लक्षात घेता दांडा बोटभर असतानाच कापलेला बरा. त्याचे तुकडे ओल्या पीटमध्ये खोचल्यास त्यांना पिल्ले फुटू शकतात, आणि ती मागायला शेजारी येतातच. देण्यापूर्वी त्यांच्या घरच्या पाण्याचा टीडीएस विचारून घेतला जातो.