कोरड्या ज्येष्ठातली वारी

वारीचे फोटो बहुतेक पावसातले असतात. दिवे घाटाच्या वळणांवर पांढऱ्या टोप्यांची रांग, डोक्यावर घेतलेले प्लास्टिकचे कागद, कडेनं वाहणारं गढूळ पाणी. नव्यानं निघणाऱ्याला जाणती माणसं सांगतात तेही पावसाचंच. रेनकोटपेक्षा कागद बरा, अंथरुण दोन पिशव्यांत बांध, राहुटीभोवती आधी चर खण आणि मग पाठ टेक. २०२३ साली आम्ही निघालो तेव्हा हे सगळं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये होतं. कागदांच्या घड्या पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत मोडल्याच नाहीत. त्या वर्षी हवामान वाईट होतं ते आभाळ कोरडं होतं म्हणून.

११ जूनला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. मोसमी पाऊस केरळातच आठवडाभर उशिरा, ८ जूनला पोचला होता. ११ तारखेला तो रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथंच थबकला. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होतं. वाऱ्यातली ओल त्यानं आपल्याकडं ओढून घेतली आणि १५ जूनला ते कच्छच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच महिन्यात एल निनो सुरू झाल्याचंही जाहीर झालं होतं. म्हणजे पाऊस घाटाखाली अडकलेला आणि आम्ही घाटमाथ्यावरून पूर्वेकडं, पर्जन्यछायेच्या मुलखात चाललेलो.

आमच्या दिंडीत निम्म्याहून जास्त माणसं परभणी-हिंगोलीकडची होती. पाच-सात एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, तूर, थोडा कापूस. माझ्यासारख्या शहरातून आलेल्याला पाऊस नसणं म्हणजे चटके आणि घाम. त्यांना ते तर होतंच, शिवाय मागं रान नांगरून, कुळवून तयार ठेवलेलं आणि बियाण्याच्या पिशव्या घरात भिंतीला लावून ठेवलेल्या. मृग कोरडा चालला होता. पेरणी झालेली नव्हती, आणि पेरणी न करता माणूस घराबाहेर निघाला होता.

पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्या दिवशी एकादशी असते. त्यामुळे सगळ्यात जास्त चाल आणि दिवे घाटाची चढण उपवासाच्या पोटानं करायची. एरवी घाटात पाऊस अंगावर घेत माणसं नाचत वर चढतात. त्या दिवशी वडकीच्या पुढं डांबर तापलं होतं आणि घाटात वाराही नव्हता. माउलींच्या रथाला चढणीसाठी जादा बैलजोड्या जोडल्या होत्या, त्यांच्या तोंडाला फेस आलेला दिसत होता. बायकांच्या डोक्यावर तुळशी होत्या. एक मावशी दर वळणावर बाटलीतलं घोटभर पाणी आधी तुळशीच्या मुळाशी घालायची आणि मग स्वतः प्यायची. घाटमाथ्यावर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी वाटणारे उभे होते. खाऊन होईतो कोणी फारसं बोललं नाही.

उन्हात चालायची रीत मी त्यांच्याकडून शिकलो. पहाटे तीनला उठून टँकरवर आंघोळ, काकडा, आणि उजाडायच्या आत जमेल तेवढी वाट कापायची. उपरणं भिजवून टोपीवरून मानेपर्यंत घ्यायचं, वाळलं की पुन्हा भिजवायचं. पाणी एकदम ढोसायचं नाही. सरबतात साखरेबरोबर मीठ आहे की नाही, हे विचारून मगच ग्लास घ्यायचा. फोड आला तर तेलात भिजवलेला दोरा सुईनं त्यातून ओवून तो आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी जागेवर राहते. डॉक्टरांच्या पथकातली एक मुलगी सुई आधी निर्जंतुक करा म्हणून तळमळीनं सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दिंडीत सुई उकळत्या पाण्यातून निघू लागली.

सावलीबद्दल मात्र मला स्वच्छ बोलायचं आहे. पालखी मार्गाचं चौपदरीकरण चाललं होतं. रस्ता रुंद झाला, गर्दीला ऐसपैस जागा मिळाली, ट्रक आणि टँकर पूर्वीसारखे अडकत नाहीत, हे मान्य. पण कडेची जुनी झाडं गेली. जेजुरी मागं टाकल्यावर मैलच्या मैल अशा पट्ट्यातून चाललो की विसाव्याला थांबायचं म्हटलं तर उभ्या ट्रकची सावली तेवढी मिळायची. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं त्या चाकांशेजारी बसून भाकरी खात होती. लाखो माणसं दरवर्षी ज्या वाटेनं पायी जातात, तिच्या आराखड्यात सावली ही पाण्याइतकीच मोजायला हवी. नवी रोपं लावली आहेत आणि ती वाढतीलही. पण ज्यांनी वडाखाली विसावे घेतले आहेत, त्यांच्या हयातीत ती सावली परत येणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

दिवसभर चालताना पावसाचं बोलणं जवळजवळ नसायचं. अभंग चालू असताना कोण बोलणार? तळावर पालखी आली की समाज आरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि एवढ्या जमावाचे टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिचं म्हणणं ऐकून घेतात, मग हरवलं-सापडलं पुकारतात आणि आरती होते. आणि राहुट्यांत परतल्यावर पिठलं-भाकरीची पंगत बसेपर्यंतच्या वेळात घरोघरी फोन लागायचे.

"पडला का?"

"नाही. ढग येतात आन् जातात."

"पेरू नको. आजूबाजूचे पेरतेत म्हणून पेरू नको."

रोज हेच बोलणं, माणसं फक्त बदलायची. सोयाबीनला पेरणीआधी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, जमीन खोलवर भिजावी लागते. कृषी विभाग तेच सांगत होता. थोड्या ओलीवर घाई केली आणि पुढं उघडीप पडली तर उगवलेलं करपतं. एकरी तीस किलोची एक पिशवी, वर खत, ट्रॅक्टरचं भाडं, हे सगळं दुसऱ्यांदा घालायचं. दुबार पेरणी हा शब्द तिथं हळू आवाजातच उच्चारला जायचा.

त्या तुळशीवाल्या मावशींचं शेत त्यांचा धाकटा मुलगा बघत होता. मालक गेल्यापासून निर्णय मावशींचाच. लोणंदच्या मुक्कामात त्या माझ्याकडं आल्या. "दादा, तुमच्या मोबाइलात बघा ना, आमच्याकडं कधी दाखवतंय?"

मी गाव शोधून अंदाज काढला. पुढच्या तीन दिवसांत पावसाची शक्यता चाळीस टक्के होती.

"चाळीस म्हंजे पडंल का नाही पडंल?"

मी सांगितलं, अशी आभाळाची स्थिती दहा वेळा आली तर चार वेळा पडेल आणि सहा वेळा नाही. आणि पडला तरी किती पडेल, ते यात कळत नाही.

त्यांनी थोडा विचार केला. "मग पोराला सांगते, पिशवी फोडू नको. बी घरात ऱ्हायलं तर पुढं पेरता येईल. रानात गेलेलं काही माघारी येत नाही." आणि फोन लावायला गेल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी चार-पाच गावांचे अंदाज काढून ठेवू लागलो. आकडा सांगितला की प्रत्येकजण तो आपल्या रानाशी, बियाण्याशी आणि डोक्यावरच्या कर्जाशी जोडून बघायचा. भारी काळ्या रानाचा माणूस एक म्हणायचा, मुरमाड रानाचा दुसरंच. कुणी माझ्याकडं खात्री मागितली नाही.

आमच्या राहुटीतले अण्णा सत्तरीच्या आतबाहेरचे. त्यांना मी फलटणला विचारलं, की घरी असतो तर बरं झालं असतं, असं वाटत नाही का? ते पाय चोळत होते, चोळतच राहिले. "मी घरी बसलो म्हणून ढग येणारेत का? पाऊस आला तर पेरायला पोरं हायेत. वारी मात्र माझ्याच पायानं व्हायला पाहिजे." मग काही वेळानं, मी विचारलं नसताना म्हणाले, "झोप मात्र लागत नाही बरं का रात्री."

ही दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. श्रद्धा असलेल्या माणसाला चिंता नसते, असं कीर्तनाबाहेरची माणसं फार सहज बोलतात. मी पाहिलेल्या माणसांना चिंता होती. ती घेऊनच पहाटे तीनला उठत होती आणि विण्यामागं आपल्या जागेवर उभी राहत होती. पाऊस कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उद्याचा मुक्काम कुठं, दुपारचा विसावा कुठं, दिंडीत आपल्या पुढं कोण आणि मागं कोण, हे पक्कं होतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचा उपयोग मला तिथं कळला. पुढं काय होणार हे ज्याला माहीत नाही, त्याला उद्या सकाळी काय करायचं एवढं तरी माहीत असतं.

माळशिरस तालुक्यात शिरलो तशी धूळ वाढली. गोल रिंगणात अश्व धावले तेव्हा मैदानावर लाल-पिवळा पडदा उभा राहिला आणि पुढचं काही दिसेना. अश्व गेल्यावर माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. मावशींनी मूठभर माती पदराच्या टोकाला गाठ मारून घेतली. बियाण्यात मिसळणार म्हणाल्या.

२५ जूनला बातमी आली की पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. त्या संध्याकाळी राहुटीत जो गलबला झाला तो मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या कानाला फोन. कुणाकडं शिडकावा, कुणाकडं नुसता गार वारा. औंढ्याकडच्या एका तरुणाच्या गावात मात्र चांगली सर झाली होती. घरी म्हातारे आईवडील, ट्रॅक्टर भाड्याचा, आणि ज्याचा नंबर आधी लागेल त्याची पेरणी आधी. पंढरपूर दोन-तीन मजलांवर आलेलं. तो बराच वेळ ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा होता.

रात्री त्यानं पिशवी भरली. दिंडीचालकांनी त्याला नारळ दिला. सगळे एकमेकांच्या पाया पडतात तसे पडले, अण्णाही वयाचा विचार न करता त्याच्या पाया पडले. "जा, वेळ दवडू नको. तुझं दर्शन आम्ही घेतो," म्हणाले. थांब असं कुणी म्हटलं नाही, आणि गेल्यावर त्याच्या मागं कुणी बोललंही नाही. वारी अर्धवट सोडणं किती जड जातं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

वाखरीच्या तळावर रात्री चार थेंब पडले. कागद काढले, पसरले, आणि पाऊस थांबला. माणसं तरीही बाहेर उघड्यावर उभी होती. अंगावर पडलेलं पाणी कुणी पुसलं नाही.

२९ जूनला आषाढी झाली. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते आणि राज्यात चांगला पाऊस पडू दे असं साकडं विठ्ठलाला घातलं जातं. दरवर्षीच घातलं जातं आणि टीव्हीवर ते ऐकताना मी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. या खेपेला चंद्रभागेच्या वाळवंटात, गर्दीत कुणाच्या तरी मोबाइलवर ते ऐकलं आणि शेजारी उभ्या मावशींनी हात जोडले. मीही जोडले. कळसाचं दर्शन घेऊन त्या दिवशीच दिंडीतले बरेचजण परतीच्या गाडीला लागले. काल्यापर्यंत थांबणं त्यांना शक्य नव्हतं.

जुलैत पाऊस झाला. मावशींच्या मुलानं पेरलं. अण्णांकडंही पेरणी झाली, उशिरा, पण एकदाच. त्या तरुणाची मात्र पहिली पेरणी नीट उगवली नाही, काही भाग त्याला पुन्हा पेरावा लागला. आणि मग ऑगस्ट आला. देशभरातला तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या बेतात, आणि आभाळ पुन्हा ज्येष्ठासारखं. मी त्या महिन्यात अण्णांना आठवड्याला एकदा फोन करायचो, अंदाजाचे आकडे सांगायचो. ते ऐकून घ्यायचे, आणि माझ्या घरच्यांची चौकशी करायचे.

दिवाळीच्या सुमारास त्यांनीच फोन केला. एकरी साडेतीन क्विंटल उतरलं होतं, खर्च जेमतेम निघाला. मावशींचं त्याहून थोडं बरं होतं. तरुणानं उसनवारी करून खताचं बिल भागवलं होतं. हरभऱ्यासाठी रान मोकळं केलंय, म्हणाले, ओल कमी आहे, पण दोन एकर पेरून बघतो.