कुत्र्याला घेऊन उजनीच्या काठानं



आज खत-फवारणीवर नाही, चालण्यावर लिहितोय. कारण असं की उजनीच्या फुगवट्याच्या कडेनं हल्ली सकाळी कुत्री घेऊन फिरणारी माणसं वाढलीत. काही आपलेच शेतकरी, मोटार बघायला निघालेले. काही रविवारी भिगवणकडं पक्षी बघायला येणारे पाहुणे, गाडीतून कुत्रं उतरवतात आणि सोडून देतात. मी इंदापूर तालुक्यातला, काठावरचा. डॉक्टरनं साखर सांगितल्यापासून सात वर्षं झाली, रोज पहाटे मोत्याला घेऊन पाण्यापर्यंत जाऊन येतो. मोत्या गावठी आहे, पांढऱ्यावर तांबडे ठिपके, आता नववं वर्ष लागलंय. या चालण्यातून जे कळलं ते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या काठाला कायमची वाट नसते. गणपती-नवरात्रात धरण भरलं की पाणी पार बांधाला लागतं, तेव्हा घरापासून पाण्यापर्यंत दहा मिनिटं. मग आवर्तनं सुटतात, पाणी मागं सरकतं, आणि वाट रोज थोडी लांबते. एप्रिल-मे महिन्यात तेच अंतर पाऊण तासाचं होतं. उजनीत सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून आपल्याकडं "धरण मायनसमध्ये गेलं" असं म्हणतात. धरण शून्यावर आलं म्हणजे कोरडं पडलं असं नाही, पण काठावरच्या शेतकऱ्याचं पाणी मात्र लांब गेलेलं असतं. मोटार पुढं सरकवा, पाइप जोडा, केबल वाढवा, हा उद्योग तेव्हाच सुरू होतो.

कुत्र्याला खरा धोका इथं आहे. पाणी हटलं की काठावर केबलींचं जाळं पडतं. जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, ती उन्हानं सुटते, खाली ओल असते. आपल्या पायात बूट असतो, कुत्र्याचे पाय उघडे आणि ओले. बैल-म्हशीला तर जास्तच, पुढच्या आणि मागच्या पायात अंतर मोठं, त्यामुळं जमिनीतला करंट अंगातून जातो. मोत्या एका ठिकाणी पुढं पाय टाकेना, कुईकुई करत मागं फिरला. टेस्टर लावून बघितलं तर शेजारच्या एका केबलीचा जोड चिखलात उघडा होता. स्टार्टर बंद करायला लावला, मगच पुढं गेलो. तेव्हापासून सांगतो, जोड जमिनीवर ठेवू नका, बांबूच्या कैचीवर उचलून बांधा. पावसाळी जोडपेटी काही फार महाग नसते. आणि कुत्रं एखाद्या जागी अडलं तर त्याला ओढू नका, आधी खाली बघा.

दुसरं, गाळ. वरून भेगाळलेला दिसतो, वाटतं कडक झालाय. पाण्यापासून पन्नास-साठ पावलांच्या आत आलात की खाली लोण्यासारखा असतो. कुत्रं हलकं, ते पळत जातं, माणूस मागं धावतो आणि गुडघ्याएवढा रुततो. जिथं गुरांचे ताजे खूर दिसतात तिथूनच चालावं. गुरं आपल्यापेक्षा शहाणी असतात या बाबतीत.

तिसरं, पाणी. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, कधी वर रंग सांडल्यासारखा तवंग येतो, वास सुटतो. असल्या शेवाळात विष असू शकतं. ते पाणी जनावराला पाजू नये, कुत्र्याला त्यात पोहू देऊ नये, कारण अंग चाटताना ते पोटात जातं. मी घरून पाण्याची बाटली आणि जुनी पितळी वाटी नेतो. पाहुण्यांनीही न्यावी.

काठावर तुटकी नायलॉन जाळी, गळ, आणि मासेमारांनी टाकलेले सकर मासे पडलेले असतात. सकरचे काटे टणक, कुत्र्याच्या घशात अडकले तर जनावरांच्या दवाखान्यापर्यंत धावपळ होते. वेड्या बाभळीचा काटा तर रोजचाच. घरी आल्यावर पंजे बघायचे आणि कानामागं गोचीड बघायचे, हे मी चहाच्या आधी करतो.

आता पक्ष्यांचं. हिवाळ्यात पट्टकादंब येतात, रोहित येतात, कॅमेरेवाले त्यांच्यासाठीच येतात. पण हे पक्षी सावध असतात, कुत्रं दिसलं की उडून लांब बसतात. जास्त नुकसान उन्हाळ्यात होतं. मार्च ते मे या काळात टिटवी आणि नदी सुरय उघड्या जमिनीवर, गाळाच्या उंचवट्यावर अंडी घालतात. घरटं म्हणजे फक्त खड्डा, अंडी मातीच्या रंगाची. मागच्या उन्हाळ्यात एका पाहुण्यानं कारवानी कुत्रा मोकळा सोडला. कारवानी नजरेवर पळणारा, एकदा सुटला की हाकेला येत नाही. त्यानं एकही पक्षी पकडला नाही, नुसता इकडून तिकडं पळाला. पण सगळे सुरय अर्धा तास वर ओरडत फिरत राहिले आणि अंडी उन्हात उघडी पडली. त्या उन्हात जमिनीवर पाय ठेववत नाही, अंड्याचं काय होणार? मालकाला समजावलं, भला माणूस होता, त्यानं लगेच पट्टा लावला. मोत्याला मी मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत दोरीनंच नेतो. आपल्या शेतातल्या किडींवर टिटवी तुटून पडते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बिबट्याचं लिहायलाच हवं. काठाला सलग ऊस झाला, आणि उसात बिबट्या राहिला. २०२० च्या डिसेंबरात पलीकडं करमाळा तालुक्यात माणसं मारणारा बिबट्या शेवटी गोळी घालून मारावा लागला, तेव्हा आम्ही अलीकडच्या काठावरही रात्री दारं लावून बसायचो. अकोले भागात विद्या अथ्रेया यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास केला, त्यात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कुत्रं सोबत असलं की आपण निर्धास्त, हे अर्धंच खरं. कुत्रं आधी सावध करतं हे बरोबर, पण बिबट्या येतो तोही कुत्र्यासाठीच.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वस्तीवरच्या दोन कुत्र्या गेल्या. त्यातली एक मोत्याची बहीण. घरात मोठा वाद झाला. मंडळी म्हणाली, पहाटेचं फिरणं बंद करा. मुलगा म्हणाला, मोत्याला घरी ठेवा, तुम्ही एकटे जा. साखरेसाठी चालणं तर सोडता येत नाही, मोटारीकडं तर जावंच लागतं, आणि मोत्याला बांधून गेलो तर तो अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं रडतो. शेवटी असं ठरलं, उजाडल्याशिवाय निघायचं नाही. रात्रीची लाइट असेल तर दोघं मिळून मोटारीवर जायचं. उसाच्या सरीतून नाही, मोकळ्या गाळावरून जायचं. हातात काठी, बॅटरी, मोबाइलवर गाणी मोठ्यानं. लोहाराकडून मोत्याला खिळ्यांचा पट्टा करून घेतला. रात्री तो बाहेर बांधत नाही, पडवीत दार लावून ठेवतो. नातू म्हणतो, आजोबा, मोत्याचं प्रमोशन झालं.

लसीचं दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो. काठावर मासळीच्या वासानं मोकाट कुत्री जमतात, भांडणं होतात. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, मग दरवर्षी. माणसाला चावलं, नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. सगळे डोस पूर्ण करायचे. रोगाची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, हे शंभरातलं नव्याण्णव खरं धरून चाला.

शेवटचं थोडं घरचं. धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हा मी शाळेत होतो. आमची साडेचार एकर पाण्यात गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी एवढं उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, लोकांची जत्रा लागली. मी मात्र मोत्याला घेऊन दुसरीकडं चालत गेलो आणि आमच्या जुन्या विहिरीचं थारोळं सापडलं. मोटेचं पाणी पडून पडून गुळगुळीत झालेला दगड, तसाच. वडिलांनी दाखवला असता तर त्यांना किती बोलायचं असतं. मोत्यानं वास घेतला आणि पाय वर करून आपला शिक्का मारला. मी हसलो, काय करणार. तिथल्या गाळात त्या सालात लोकांनी कडवळ टाकलं होतं, नांगरट नाही, खत नाही, नुसत्या ओलीवर छातीला लागलं. गाळपेरीवर पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.

तोवर, काठावर येणाऱ्यांनी कुत्रं दोरीनं आणावं, उन्हाळ्यात उंचवट्यांवर जाऊ नये, आणि शेतकऱ्यांनी केबलीचे जोड आजच तपासावेत.