जीवशास्त्राचे वीस गुण

आमच्या खंडाळा तालुक्यात शिरवळजवळ नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. त्यांच्या जयंतीला, ३ जानेवारीला, शाळाशाळांतून भाषणं होतात. त्यांत शिक्षिका सावित्रीबाई सगळ्या मुलींना पाठ असतात, रुग्णसेविका सावित्रीबाई मात्र शेवटच्या वाक्यात उरकल्या जातात.

माझी भाची यंदा बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीला बसतेय. १०० गुणांचा पेपर, ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० गुण. सराव पेपरात फिजिक्सला अडली की ती वैतागते, "आत्या, सेवा करायला हे कशाला लागतंय गं?" घरचेही तिच्याच बाजूचे. पोरगी मायाळू आहे, तेवढं बास झालं की!

मायेवर माझा विश्वास आहे, पण एकट्या मायेवर नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं, तेव्हा सावित्रीबाईंचे डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला दवाखाना मांडला. मुंढव्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. प्लेगचा जंतू यर्सिननं हाँगकाँगमध्ये १८९४ लाच शोधला होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू तो माणसापर्यंत पोचवते, हे सिमाँनं कराचीत प्रयोगानं दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे सावित्रीबाई गेल्यावर वर्षभरानं. त्यांच्या मायेत काही उणं नव्हतं. उणं होतं ते त्या काळाच्या ज्ञानात. पिसूचं माहीत असतं तरी पोर उचलायला त्या कचरल्या नसत्या. मात्र त्याचं अंथरूण, कपडे, घरातले मेलेले उंदीर यांच्याकडे सगळ्यांनीच वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. भाची जंतूंचा धडा वीस गुणांसाठी घोकते. त्यातलं पानन् पान कुणाच्या तरी जिवावर लिहिलं गेलंय.

फिजिक्सचंही तेच. सलाइनची बाटली स्टँडला उंच टांगतात ती दाबाच्या हिशेबानं. ६०० मिली सलाइन ५ तासांत द्यायचं आणि सेटमधून मिलीला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला ४० थेंब हवेत. हा हिशेब चुकला तर नर्सचा गोड स्वभाव पेशंटच्या कामाला येत नाही.

राहिले कलाचे वीस गुण. घाबरलेल्या पेशंटशी कसं बोलाल, या प्रश्नाचं उत्तर चार पर्यायांतून निवडता येतं. ते अंगवळणी पडायला पुढची चार वर्षं वॉर्डात काढावी लागतात. माया मोजणं या परीक्षेला जमत नाही. पण कंटाळवाणी गोष्ट बरोबर येईपर्यंत ही मुलगी तिच्यापाशी बसेल का, एवढं परीक्षेला कळतं. दर चार तासांनी ताप बघून लिहिणं, औषधाची चिठ्ठी पुन्हा वाचणं, प्रत्येक पेशंटनंतर हात धुणं यांत ऐकायला छान असं काहीच नाही. ही चिकाटी असेल तरच माया पेशंटच्या उपयोगी पडते. नुसती माया काय, भेटायला आलेल्या नातेवाइकांकडेही असते.